फाटकापाशी थांब

४ फेब्रुवारी

पोहोचले एकदाची! बोटीत कोंबड्यांची खुराडी, कांद्याची पोती आणि कुणाचं तरी शिवणयंत्र यांच्या मधोमध माझी नवी यंत्रं गोधडीत गुंडाळून ठेवली होती. नावाड्यानं विचारलं, फ्रिज आहे का. म्हटलं, नाही, यात जुने आवाज साठवायचेत. तो म्हणाला, मग चीजच्या शेजारी ठेव, तिथे सावली आहे, नासायचे नाहीत. अख्खी बोट हसली. मीही हसले.

पुएर्तो आरासा म्हणजे एक धक्का, एक चर्च आणि दोन दुकानं. रेडिओ केंद्र गावाबाहेरच्या उंचवट्यावर आहे. भोवती तारेचं कुंपण, पुढे लाकडी फाटक, फाटकाशी अल्गारोबोचं जुनं झाड, त्याखाली बाक आणि फांदीवर बांधलेला कर्णा. चाकोच्या या सपाट रानात कुणाला कुणाची भेट घ्यायची असली की याच बाकावर. बाकीच्या रस्त्यांना नावं नाहीत, ही जागा मात्र पोराटोरांनाही ठाऊक.

केंद्रात माणसं दोनच, दोघंही वडीलधारी, म्हणून एकाला 'काराई' म्हणायचं आणि दुसरीला 'न्या'. निवेदक काराई आब्दोन सत्तरी ओलांडलेले, शर्टाला कडक इस्त्री, आणि आवाज असा की नुसतं 'मीठ द्या' म्हणाले तरी काहीतरी घडल्यासारखं वाटतं. स्वयंपाक बघतात त्या न्या सातुर्निना. मला बघताच त्यांनी विचारलं, तिकडे राजधानीत, असुन्सिओनमध्ये, जेवायला घालत नाहीत का पोरींना? आणि उत्तराची वाट न बघता मांदियोकाचा उकडलेला कंद आणि रस्सा पुढ्यात ठेवला.

तीन आठवड्यांचं काम आहे. एवेरला आईकडे सोडून आलेय. सहा वर्षांचं पोर, रडलं नाही. त्यानं एवढंच विचारलं, तिथे मगरी आहेत का. आहेत म्हटल्यावर मला जायची परवानगी मिळाली.

६ फेब्रुवारी

जुनं यंत्र एका बँकेनं मोडीत काढलेलं, केंद्राला दान मिळालेलं. त्यात टेपा आहेत आणि नाहीतही. आत साध्या डिस्काच, पण टेपांचं सोंग घेतलेल्या. प्रत्येक टेपेला नंबर. ती 'चढवायची', वाचायची, 'उतरवायची', जणू आत कुणीतरी बसून हातानं रीळ लावतंय. केंद्राचं आजवरचं सगळं प्रक्षेपण, अगदी जुन्या कॅसेटींसकट, यात कोंबलेलं आहे. ते आता नव्या यंत्रात हलवायचं. जुनं बनवणारी कंपनी कधीच बुडाली, आणि माझं नवं यंत्र त्याची टेप बघतं नि सांगतं: रिकामी. जुनं म्हणतं, भरलेली आहे. नवं म्हणतं, रिकामी. दिवसभर दोघांच्या मध्ये बसून माझं डोकं उठलं. घटस्फोटाच्या खटल्यात दुभाष्याचं काम करावं तसं.

दुपारी मात्र मजा आली. बाराच्या ठोक्याला काराई आब्दोन 'निरोप' वाचतात. लांबच्या गुरांच्या वाड्यांवर फोन पोहोचत नाही, रेडिओ पोहोचतो. आज ऐकलेला एक: "ला पालोमा वाडीवरच्या सिक्स्तो वेरासाठी. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. येताना साबण आण."

मी विचारलं, निरोप मिळाला की नाही ते कळतं कसं? ते म्हणाले, कळावं लागत नाही, पोरी. इथे रेडिओनं नीघ म्हटलं की माणूस निघतो, थांब म्हटलं की थांबतो. उलट प्रश्न नाही. बोलावणारं माणूस तिकडे ट्रकमध्ये बसलेलंसुद्धा असतं.

मी पोहोचल्याचंही त्यांनी वाचलं. जिथून बोट सुटते त्या कोन्सेप्सिओनचं केंद्र ते वायरलेसवर घेतं आणि पुढे आईला फोन करतं. आईला मंत्रिपद मिळाल्यासारखं वाटलं असणार.

९ फेब्रुवारी

सुटलं! भाषांतराचा नाद सोडला. जुन्या यंत्रावर टेप चढवते, आवाज वाजू देते, तो स्टुडिओच्या पॅनेलमधून तारेनं नव्या यंत्रात घेते. वाजवायचं आणि पुन्हा मुद्रित करायचं. वेळखाऊ आहे, पण नवं यंत्र आता तक्रार करत नाही. पॅनेलची जोडणी काराई आब्दोननीच दाखवली. म्हणाले, ही तार नुसती खोलीतल्या स्पीकरला जाते, खुशाल लाव.

त्यामुळे दिवसभर जुने निरोप कानावर. हसून पोट दुखलं. "एपिफानियो, वाट बघू नकोस, मी लग्न केलं." "ज्यानं माझी निळी गाय नेली त्यानं तिचं वासरूही न्यावं, ते रडतंय." आणि सगळ्यात जास्त वेळा येणारा एकच: रेडिओच्या फाटकापाशी थांब, न्यायला येते. न्यायला येतो. न्यायला येतोय. किती माणसांनी या झाडाखाली वाट पाहिली असेल!

दुपारनंतर पाऊस लागला. चांगला गारवा आला.

१३ फेब्रुवारी

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. गावाकडचा रस्ता बंद. इथली करडी चिकणमाती ओली झाली की बैलाचाही पाय धरून ठेवते. मोबाइलचा टॉवर गेला.

जेवणानंतर, सगळे आडवे झालेले असताना, बाकावर एक माणूस दिसला. डोक्यावर हॅट, मांडीवर गाठोडं. मी न्या सातुर्निनांना सांगितलं. त्या म्हणाल्या, बोटीसाठी आला असेल बिचारा. लगेच ताटली भरून नेऊन ठेवली. संध्याकाळी ताटली तशीच, पाण्यानं भरलेली.

मला एक कळलं नाही. ताटली आणायला फाटकापर्यंत गेले तर माझे पाय पोटरीपर्यंत चिखलात. त्याचे बूट कोरडे होते. पॉलिश केलेले.

१५ फेब्रुवारी

आता तिघं. एक बाई आहे, तिच्या काखेत कोंबडी. कोंबडी हलत नाही.

छत्री घेऊन गेले. म्हटलं, आत या, इथे भिजू नका. हॅटवाला उठून उभा राहिला, हॅट काढली. अदबशीर माणूस. म्हणाला, "नको ताई, रेडिओनं इथेच थांबायला सांगितलंय." कुणासाठी? म्हणाला, एउलोहिया येतेय ट्रक घेऊन. आणि मीच आत जावं, सर्दी होईल, असंही वर सांगितलं. नाव विचारलं. लिनो काबान्यास.

आत येऊन मी नेहमीसारखी आधीच्या टेपांची तपासणी करायला बसले. नव्या यंत्रावर एकेक थोडी वाजवून बघायची, नीट उतरलीय ना. तिसऱ्याच टेपेवर काराई आब्दोनचा तरुण आवाज: "तोरो पाम्पाच्या लिनो काबान्याससाठी. एउलोहिया सांगते, रेडिओच्या फाटकापाशी थांब. ट्रक घेऊन येते."

टेपेवरचं वर्ष माझ्या जन्माआधीचं आहे.

खिडकी लावून घेतली.

१६ फेब्रुवारी

वाटलं होतं, काराई आब्दोन हसतील. ते हसले नाहीत. खिडकीशी गेले, बराच वेळ बाहेर बघितलं, मग वळून पॅनेलमागची तार हातात धरली आणि भिंतीच्या कडेनं चालू लागले. कपाटामागून, भिंतीतल्या भोकातून, पलीकडच्या खोलीत. प्रक्षेपकाच्या खोलीत. मला म्हणाले, तिकडे टेप चालू कर. मी चालू केली. प्रक्षेपकावरचा काटा हलायला लागला.

खोलीतल्या स्पीकरला नव्हतीच ती तार. मी इकडून तिकडे हलवलेला प्रत्येक शब्द अख्ख्या चाकोवरून जात होता. इतके दिवस.

तार उपटून काढली. आम्ही दोघं जमिनीवरच बसलो. ते हळू आवाजात बोलत होते. एउलोहियाचा ट्रक ओढ्यात उलटला होता. लिनो इथे थांबला, थांबला, मग तिला शोधायला त्याच पाण्यात उतरला. कोंबडीवाल्या डोरोतेआला न्यायला येणारा तिचा मुलगा बोटीवरून पडला होता. ज्यांना न्यायला येणारं माणूस कधी आलंच नाही, तीच ही सगळी.

बाक भरलाय. बाकीची कुंपणाशी उभी आहेत, रांगेत, ढकलाढकली न करता.

१७ फेब्रुवारी

बारा वाजता काराई आब्दोन माइकपुढे बसले. एकेकाचं नाव घेऊन वाचलं: लिनो, घरी जा. कुणी येणार नाहीये. डोरोतेआ, घरी जा.

मी खिडकीतून बघत होते. लिनोनं हॅट काढून कर्ण्याकडे तोंड करून सगळं ऐकून घेतलं. संपल्यावर हॅट घातली आणि पुन्हा बसला.

काराई आब्दोन बाहेर आले तेव्हा रडत होते. न्या सातुर्निना मांदियोका सोलत होत्या, सुरी न थांबवता म्हणाल्या, "तुम्ही कोण जा म्हणणारे? बोलावलं तिनं होतं. नुसता तुमचा गळा वापरला."

१९ फेब्रुवारी

सकाळी न्या सातुर्निनांनी फाटकाकडे बघून हातातली सुरी खाली ठेवली. कुंपणाशी एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा उभा होता. त्यांचा भाऊ, फिदेलिनो. फाटकापाशी थांब, हा निरोप त्यांनीच त्याला दिला होता, रेडिओवर काम नुकतंच लागलं होतं तेव्हा. नदी चढली, त्यांना जाता आलं नाही, आणि तो पुन्हा दिसला नाही.

त्यांनी घाई केली नाही. चूल विझवली. डोक्याला रुमाल बांधला, भाकरीसारख्या जाड चार-पाच चिपा फडक्यात बांधून घेतल्या. माझ्या कपाळावर ओठ टेकले आणि म्हणाल्या, रस्सा झाकून ठेवलाय.

फाटकाशी जाऊन त्यांनी त्याचा हात धरला. त्याला रागवल्या, किती वाळलास म्हणून. एवढं मला ऐकू आलं. तो हसला. मग दोघं उताराकडे चालू लागले. उताराखाली रस्ता नाही, पाणीच आहे. काराई आब्दोन कर्ण्यावरून ओरडत होते, सातुर्निना, परत फीर, सातुर्निना! पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. ती दोघं शाळेतून घरी निघाल्यासारखी बोलत जात होती.

मग नुसतं पाणी.

उरलेल्या सगळ्यांनी आमच्याकडे बघितलं. राग नव्हता. आशा होती. त्यांना सुटका कशी होते ते आता कळलं होतं.

२१ फेब्रुवारी

ठरलं होतं. यंत्रं इथेच सोडायची, उद्या पहाटे मागच्या बाजूनं होडी काढायची. मी आणि काराई आब्दोन. पिशवीही भरली होती.

बारा वाजता ते रोजच्यासारखे बसले, कोन्सेप्सिओनला कळवायला की आम्ही निघतोय. तेवढ्यात वायरलेसवर तिकडूनच निरोप आला. त्यांनी कागदावर उतरवून घेतला. माइक चालू होता. आयुष्यभराची सवय. उतरवलेलं वाचून टाकायचं.

"निमिया ओवेलारसाठी. आई सांगते, पुरातून एकटी निघू नकोस. रेडिओच्या फाटकापाशी थांब. एवेरला घेऊन मी न्यायला येते."

शेवटच्या शब्दाला त्यांना कळलं. हात तोंडावर गेला. पण वाचून झालं होतं.

मला हसूच आलं आधी. आईनं तर काळजीपोटी—

२२ फेब्रुवारी

जाता येत नाही.

दुखत नाही काही. कुणी अडवत नाही. मागच्या कुंपणातून वाकून होडीकडे निघते आणि बघते तर मी फाटकाशी बाकाजवळ उभी. पुन्हा निघते. पुन्हा फाटकाशी.

काराई आब्दोननी माझ्या कमरेला दोर बांधून ओढलं. माझ्याच हातांनी खांब धरला. ते एकेक बोट सोडवत होते आणि दुसरा हात आपोआप मिटत होता. ते म्हातारे आहेत, दमले, चिखलातच बसले. म्हणाले, मला माफ कर पोरी. मी म्हटलं, तुमचा काय दोष.

तेव्हा लिनो बाकावर थोडा सरकला. माझ्यासाठी जागा केली त्यानं.

काराई आब्दोन एकटेच होडी घेऊन गेले. आईला कोन्सेप्सिओनमध्येच गाठतो, पुढे येऊ देत नाही, असं शपथेवर सांगून. इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

२४ फेब्रुवारी

रस्सा आंबलाय. भूक नाही.

वायरलेसवर मला कोन्सेप्सिओनचं ऐकू येतं, त्यांना माझं नाही. बोलून बोलून घसा बसला. बटण दाबलं की नुसती खरखर.

दुपारी मी बाकावर होते. कधी गेले आठवत नाही. डोरोतेआ कोंबडी गोंजारत होती. तिनं मला विचारलं, तुझं कोण येतंय? मी सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, तुला लवकर नेतील. खूप प्रेमळपणे म्हणाली.

माझ्या अंगावर पाऊस पडत होता. कपडे कोरडे—

२५ फेब्रुवारी

कोन्सेप्सिओनच्या केंद्रातली मुलगी वायरलेसवर. आनंदात होती. म्हणाली, तुमची आई भारी आहे हं, नावाडी नको नको म्हणत होता, हिनं त्याला असं झापलं की शेवटी निघाला. नातूही आहे बरोबर. बोट सुटली.

मग आवाज बदलला. म्हणाली, काराई आब्दोनची होडी वळणावर सापडली. पालथी. कुणाला काही माहीत असेल तर कळवा.

नदीतून अख्खी झाडं वाहत येतायत. इथून दिसतात. मुळं वर करून. एक घरही गेलं, छपरासकट.

एवेर त्या बोटीत आहे.

२६ फेब्रुवारी, सकाळ

बोटीवर रेडिओ चालूच असतो. प्रक्षेपक अजून जिवंत आहे. मी बोलले तर आईला ऐकू जाईल.

पण काय बोलू? थांब म्हटलं तर ती जिथे असेल तिथे थांबेल. एवेरचा हात धरून. नेहमीसाठी. परत जा म्हटलं तर घरी पोहोचल्यावर तरी थांबेल का? का चालतच राहील, त्याला ओढत? रात्रभर शब्द शोधतेय. प्रत्येक शब्दात खड्डा आहे.

एकच वाक्य आहे ज्यानं त्यांना काही होत नाही. मला न्यायला येऊ नकोस.

मग मला न्यायला कुणीच यायचं नाही. कधीच. बाकावरची जागा माझी.

असू दे.

जनरेटरचं डिझेल पिंपाच्या तळाशी गेलंय. आत्ता करून बघितलं, माइकवर नुसती पाण्याची पातळी वाचली. काटा मध्येच खाली पडला, कर्ण्यावर अर्धाच शब्द ऐकू आला. मग पुन्हा उठला. पिंप तिरकं करून उरलेलं सगळं ओतलंय. एकदाच होईल. दुपारपर्यंत थांबायला नको—

२६ फेब्रुवारी

माइकपुढे बसलेय. पाय फाटकाकडे ओढतायत. स्वतःला दोरानं खुर्चीला बांधलंय. बाहेर सगळे उठून कर्ण्याकडे बघतायत, पुरुषांनी हॅटा काढल्यात.

जीभ ऐकत नाही, म्हणून एकेक अक्षर आधी इथे लिहितेय आणि ते वाचतेय. हात अजून माझा आहे.

बोटीवरच्या बेलार्मिना ओवेलारसाठी. निमिया सांगते. आई, मी बरी आहे. तू कुठेही जा, हवं तिथे राहा, खुशाल राहा. एवेर, बाळा—

नाही. त्याला काही सांगायचं नाही. तो ऐकेल.

दिवा मंद होतोय. काटा पडतोय. लवकर. आई, ऐक. मला न्यायला ये—